‘कसे’ विचारले, ‘का’ कधी विचारणार?

भिवंडीहून वाड्याकडे निघालेली एस. टी. अंबाडीच्या नाक्यावर थांबते. येथून एक वाट वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या तीर्थस्थानांकडे वळते आणि दुसरी वाड्यावरून पुढे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात शिरते. मागे यंत्रमागांचा अखंड खडखडाट आणि गोदामांच्या न संपणार्‍या रांगा. पुढे भातखाचरे, साग-पळसाचे रान आणि वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर अशा वनवासी बांधवांचे पाडे. अंबाडी हा दोन जगांमधला उंबरठा आहे. या उंबरठ्यावर क्षणभर थांबून भोवताली पाहिले, की एक गोष्ट नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. शाळेच्या कुंपणभिंतीवर, धाब्याच्या दर्शनी बाजूवर, विश्रामगृहाच्या फाटकावर, लग्नपत्रिकेच्या कोपर्‍यात त्याच त्या दोन त्रिकोणी देहांच्या पांढर्‍या आकृती तारप्याभोवती फेर धरून नाचत असतात. वारली चित्रकला आज ठाणे-पालघर पट्ट्याची ओळख झाली आहे. पण त्या भिंतीखाली चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच दिसते. ते कोणी विचारीत नाही, आणि आपण ते विचारीत नाही याची खंतही कोणाला वाटत नाही.

आज हा विषय काढण्यास कारण आहे. गेल्या दोन दशकांत मुंबईसारख्या महानगरांत एक चांगला प्रघात रुजला आहे. संग्रहालयाचे अभिरक्षक, ज्यांना आता सर्रास क्युरेटर म्हटले जाते, समकालीन चित्रकारांना आणि शिल्पकारांना श्रोत्यांसमोर बोलावतात आणि त्यांच्या निर्मितीविषयी त्यांच्याशी सविस्तर संवाद साधतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचेच उदाहरण घ्यावे. 1872 साली लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईचे जुने संग्रहालय मधल्या काळात पार अवकळेला पोचले होते. मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला आणि 2008 साली ते पुन्हा दिमाखात उभे राहिले. त्यानंतर तेथील संचालकांनी आजच्या कलावंतांना आमंत्रण दिले, की या, आमचा जुना संग्रह पाहा आणि त्याला तुमच्या कलेतून उत्तर द्या. जितीश कलाट, एल. एन. तल्लूर, सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया अशा कलावंतांनी ते स्वीकारले. दोडिया यांनी तर देशभर सात हजार संग्रहालये असावीत, या कल्पनेवरच आपले प्रदर्शन उभे केले. अशा वेळी कलावंताला विचारले जाते, हा विषय तुम्हाला का सुचला? हे माध्यम का निवडले? परंपरेशी तुमचे नाते काय? कलावंत उत्तर देतो, त्याची नोंद होते, ती पुढच्या अभ्यासकाच्या कामी येते. हे सर्व स्वागतार्हच आहे.

परंतु याच संग्रहालयातील दुसरे एक दालन आम्हाला अस्वस्थ करते. तेथे काचेच्या कपाटांत मातीच्या सुबक बाहुल्या मांडलेल्या आहेत. कोणत्या जातीचा माणूस कसा दिसतो, कोणता कारागीर काय नेसतो, कोणता व्यवसाय कसा चालतो, हे परदेशी पाहुण्याला एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून इंग्रजी अमदानीत त्या घडविल्या गेल्या. म्हणजे एकाच वास्तूत एक कलावंत व्यासपीठावर बसून बोलतो आहे आणि दुसरा कारागीर काचेआड नमुना होऊन मूक उभा आहे. या दोन दृश्यांमधील अंतर हाच आजचा आमचा विषय आहे.

हे अंतर कोठून आले? त्याचा उगम समजून घ्यायचा, तर मुंबईशी निकटचा संबंध असलेल्या सर जॉर्ज बर्डवुड यांचे उदाहरण पाहावे लागते. हे गृहस्थ मुंबईच्या या संग्रहालयाच्या प्रारंभीच्या शिल्पकारांपैकी होते. भारतीय हस्तव्यवसायांवर त्यांचे मनापासून प्रेम होते. 1880 साली त्यांनी भारताच्या औद्योगिक कलांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आपल्या विणकरांची, तांबटांची, सोनारांची मुक्तकंठाने स्तुती केली. पण हेच बर्डवुड 1910 साली लंडनच्या एका सभेत, भारताला ललितकला अशी नाहीच, असे ठासून सांगू लागले. एवढ्यावर न थांबता त्यांनी जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. त्यावर इंग्लंडमध्येच वादळ उठले. हॅवेल, रोथेनस्टाईन, आनंद कुमारस्वामी आदींनी भारतीय कलेची बाजू मांडण्यासाठी त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन केली. बर्डवुड यांच्या वागण्यातील ही विसंगती वरवरची आहे. तिच्या मुळाशी एक पक्के सूत्र होते. भारतीय माणसाच्या हाताचे कौतुक करावे, त्याच्या बुद्धीला मात्र नकार द्यावा. हात कुशल, पण मन कोरे. असे एकदा ठरले, की त्या माणसाला विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो, ‘हे कसे करतोस?’ ‘का करतोस?’ हा प्रश्न संभवतच नाही; कारण ‘का’ हा प्रश्न विचार करणार्‍यालाच विचारला जातो.

इंग्रज गेला, पण ती विभागणी आपल्या मनातून गेली नाही, हे कबूल केले पाहिजे. शहरी चित्रकाराला आपण ‘का’ विचारतो आणि वारली चित्रकाराला ‘कसे’. रंग कशाचा? तांदळाच्या पिठाचा. कुंचला कशाचा? बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला. भिंत कशी? कुडाची, शेणाने सारवून वर लाल मातीचा किंवा गेरूचा हात दिलेली. झाली आपली चौकशी! शालेय पाठापासून पर्यटनपत्रिकेपर्यंत सर्वत्र हीच तीन उत्तरे छापलेली असतात. पदार्थाची कृती लिहून घ्यावी आणि स्वयंपाक करणार्‍या माउलीशी एक शब्दही बोलू नये, तसा हा प्रकार आहे.

या पार्श्वभूमीवर स्व. जिव्या सोमा म्हसे यांचे जीवन पुन्हा एकदा आठवावेसे वाटते. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचा हा माणूस. लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. तो मातीत आकृती काढून आपले मनोगत सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वारली समाजात चित्र काढणे हे परंपरेने सवाशिणींचे काम. लग्नप्रसंगी त्या घराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी विराजमान होते, शेजारच्या चौकटीत घोड्यावरचा पंचशिर्‍या देव येतो आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी त्या देवतांना लग्नाला बोलावते. जिव्या म्हसे यांनी ही रेषा विधीच्या चौकटीतून बाहेर आणली आणि रोजच्या रोज चित्र काढू लागले. वारूळ, मासेमारीचे जाळे, भातलावणी, पक्ष्यांचे थवे, वाटेने निघालेली माणसे, सारे त्यांच्या चित्रात आले. जीवन म्हणजे अविरत गती, ही दृष्टी त्यांच्या प्रत्येक चित्रात दिसते. ठिपक्यांनी आणि काड्यांसारख्या रेषांनी भरलेला त्यांचा पट पाहताना डोळा कोठेच विसावत नाही, याचे कारण ही जीवनदृष्टी आहे. पिठात आणि काडीत ते सापडणार नाही.

ही दृष्टी ओळखणारा पहिला शहरी माणूस मराठी होता, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. भास्कर कुलकर्णी हे त्यांचे नाव. बिहारमध्ये 1966-67 च्या भीषण दुष्काळात पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने हेच कुलकर्णी मिथिलेच्या खेड्यांत गेले होते. तेथील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि मधुबनीची चित्रे भिंतीवरून कागदावर आली. 1970 नंतरच्या दशकात ते डहाणूच्या पाड्यांवर आले, वारल्यांमध्ये मिसळले. तेथेही कागद आला, पांढरा रंग आला आणि जिव्या म्हसे यांची चित्रे 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झळकली. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुलकर्णी यांच्याकडे संग्रहालयाचे पद नव्हते, पण संग्रहालयाच्या अभिरक्षकाने जे करावे ते त्यांनी केले. ते पाड्यावर गेले, राहिले, पाहिले आणि चित्राआधी चित्रकाराला शोधले.

पुढची कथा सातासमुद्रापार जाते. 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने एक आगळे प्रदर्शन भरविले. त्याचे आयोजक ज्याँ-उबेर मार्तँ यांनी युरोप-अमेरिकेचे नामांकित कलावंत आणि अन्य खंडांतील कलावंत सारख्याच मानाने एकत्र आणले. त्यात जिव्या म्हसे होते. पुढे मार्तँ जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या एका संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि 2003 साली तेथे जिव्या म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग हे मैलोन्‌मैल पायी चालणे आणि वाटेतल्या दगडमातीच्या रचना करणे हीच आपली कला मानतात. ते वारली मुलुखात आले, येथल्या मातीत त्यांनी काम केले. एक माती तुडवीत जाणारा, दुसरा मातीच्या भिंतीवर लिहिणारा. दोघे समोरासमोर आले. त्या प्रदर्शनाच्या नावातच ‘संवाद’ होता. त्यानंतर हे प्रदर्शन इटलीत मिलान येथे गेले. 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार म्हसे यांना मिळाला, 2011 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले आणि मे 2018 मध्ये त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या घटनाक्रमातील वर्षे नीट पाहावीत. पॅरिसने त्यांना समकालीन कलावंत म्हणून बोलावले ते 1989 साली. आपण त्यांना पद्मश्री दिली 2011 साली. परक्याने पाठ थोपटली, की मग आपल्याला आपला माणूस दिसतो, ही आपली जुनी खोड. स्वदेशीचा उद्घोष करणार्‍या आपल्यासारख्यांनी तरी तिची लाज बाळगायला हवी. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की देशात या दृष्टीने कामे झालीच नाहीत असे नाही. 1982 साली भोपाळला भारत भवन उभे राहिले, तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तेथे शहरी आणि वनवासी कलावंतांच्या कृती एकाच छताखाली, एकाच मानाने मांडल्या. दिल्लीच्या शिल्प संग्रहालयाचे तत्कालीन संचालक ज्योतिंद्र जैन यांनी 1998 साली पाच लोककलावंतांचे प्रदर्शन भरविले. त्यात जिव्या म्हसे, मधुबनीच्या गंगादेवी, गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम, सरगुज्याच्या सोनाबाई आणि दक्षिणेतील एक मृत्तिकाशिल्पी नव्हे, तर ईशान्येकडील मणिपूरच्या कुंभारीण नीलमणीदेवी अशी पाच नावे होती. ‘मधुबनी चित्र’, ‘गोंड चित्र’ अशी सामुदायिक पाटी न लावता प्रत्येकाचे स्वतंत्र नाव, स्वतंत्र जीवन आणि स्वतंत्र शैली मांडण्याचा तो प्रयत्न होता. संग्रहालयाने कलावंताशी बोलायचे म्हणजे काय करायचे, याचा तो वस्तुपाठ होय.

त्याच पाचांपैकी जनगढसिंह श्याम यांची कथा मात्र काळीज चिरणारी आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढ गावचा हा तरुण स्वामीनाथन यांच्या नजरेस पडला, भोपाळला आला आणि बघता बघता त्याने गोंड चित्रकलेला नवे रूप दिले. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्याने चित्रे काढली, जगभर त्याचे नाव झाले. 2001 साली जपानमधील एका संग्रहालयात राहून चित्रे काढीत असताना या कलावंताने आपली जीवनयात्रा स्वहस्ते संपविली. त्यामागच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली; त्यात पडण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु आपल्या गावापासून, आपल्या बोलीपासून हजारो कोस दूर असलेल्या कलावंताशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी शेजारी असणे किती मोलाचे असते, एवढे तरी या घटनेने आपल्याला शिकवायला हवे होते. चित्र हवे, पण चित्रकाराची विचारपूस करण्याची जबाबदारी नको, हा व्यवहार संवादाचा नाही. तो खरेदीचा आहे.

येथे आमचे काही वाचक एक आक्षेप घेतील, याची आम्हाला कल्पना आहे. ते म्हणतील, ‘नाव गाजविणे ही पाश्चात्त्यांची हौस. आपल्या परंपरेत कलावंत स्वतःला ईश्वराच्या हातचे साधन मानतो, म्हणून तो अनाम राहतो. वेरूळचे कैलास लेणे कोणी कोरले, हे कोठे लिहिले आहे?’ हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण तो अर्धसत्य आहे. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड अनिवारिताचार्य या स्थपतीचे नाव सन्मानाने कोरलेले आहे. बेलूरला दासोज, होयसळांच्या अनेक मंदिरांवर मल्लितम्म, अशा शिल्पींनी आपली नावे मूर्तींच्या पायथ्याशी कोरून ठेवली आहेत. म्हणजे आपल्या परंपरेत कलावंताला नाव होते आणि राजाश्रयाइतकीच लोकमान्यताही होती. शिवाय स्वेच्छेने स्वीकारलेले अनामत्व आणि दुसर्‍याने लादलेले अनामत्व यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संताने ‘मी’ पण टाकले तर ते वैराग्य. पण मालाची किंमत ठरविताना दुकानदाराने कारागिराचे नाव गाळले, तर त्याला वैराग्य कसे म्हणावे? ज्या भिंतीसाठी ठेकेदाराने बिल लावले, त्या भिंतीवर चित्रकाराचे नाव नको, हे कोणते अध्यात्म?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. वारली चौक हा टिकण्यासाठी काढलेला नसतो. लग्न झाले, देवता येऊन आशीर्वाद देऊन गेल्या, की त्या चित्राचे प्रयोजन संपते. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते. संग्रहालयाचा तर सारा धर्मच जपणुकीचा. मग पुसले जाण्यासाठी काढलेले चित्र काचेत जपायचे कसे? मराठी माणसाला हा पेच परका वाटू नये. दारातली रांगोळी आपण रोज पुसतो आणि रोज काढतो. पेणच्या मूर्तिकाराने महिनोन्‌महिने खपून घडविलेली गणेशमूर्ती आपण दहाव्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून विसर्जित करतो. मूर्ती गेली म्हणून गणेशोत्सव संपत नाही. कारण मूर्ती घडविणारा हात शिल्लक असतो. वस्तू जपण्यापेक्षा हात जपावा आणि हातापेक्षाही त्यामागची श्रद्धा, गाणे, कहाणी जपावी, हा आपल्या संस्कृतीचा संग्रहालयशास्त्राला दिलेला विचार आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात 1917 पासून अखेरपर्यंत काम केलेल्या आनंद कुमारस्वामी यांनी हेच आयुष्यभर मांडले. काचेत ठेवलेली प्रत्येक वस्तू मुळात कोणाच्या तरी पूजेसाठी, वापरासाठी घडलेली असते; तिचे प्रयोजन समजून न घेता केवळ तिच्या रूपाचे कौतुक करणे हे तिला न समजणेच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि प्रयोजन समजून घ्यायचे, तर विचारावा लागणारा प्रश्न पुन्हा तोच, ‘का?’

हा प्रश्न आज तातडीने विचारला पाहिजे, कारण उत्तर देऊ शकणारी पिढी हातातून निसटते आहे. वारली चित्र कागदावर आले, त्याला बाजार मिळाला, ही इष्टापत्तीच. अनेक घरांत त्यामुळे चूल पेटली. 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, हेही चांगले झाले. परंतु चित्र बाजारात येताच ते मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेले आणि ज्या सवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहीत आल्या, त्या मागे पडल्या. चित्रकाराचे नाव निदान कधीतरी चित्राखाली येते. चौक लिहिणार्‍या सवाशिणीचे नाव कोणत्या संग्रहात आहे? ज्या धवलेरीच्या गाण्यावाचून चौकात देव येत नाही, तिचे नाव कोणत्या दालनात आहे? मातीच्या भिंतींच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या, लग्ने मंडपात होऊ लागली, नातवंडे भिवंडीच्या गोदामांत कामाला जाऊ लागली. यात दोष कोणाचाच नाही. पक्के घर आणि नियमित पगार हा वारली बांधवांचाही हक्क आहे. परंतु म्हातारी धवलेरी गेली, की तिच्यासोबत चित्राचा अर्थ जातो आणि भिंतीवर उरते ती नुसती नक्षी. नक्षीची नक्कल यंत्रही करू शकते. अर्थाची करू शकत नाही.

म्हणून संग्रहालयांकडून, कलासंस्थांकडून आणि शासनाकडून काही साध्या अपेक्षा आहेत. पहिली, संग्रहातील प्रत्येक वारली चित्राखाली चित्रकाराचे किंवा चित्रकर्तीचे नाव, पाडा आणि वर्ष लिहावे; ‘वारली, ठाणे जिल्हा’ ही पाटी पुरेशी नाही. दुसरी, शहरी कलावंताशी होतो तसा संवाद या कलावंतांशीही व्हावा, तो त्यांच्या बोलीत व्हावा आणि त्याची नोंद त्यांच्याच शब्दांत ठेवावी. बोलीतला शब्द मराठीत, मराठीतून इंग्रजीत आणि तेथून आणखी कोठे जाताना प्रत्येक पायरीवर काही ना काही सांडते. निदान मूळ शब्द तरी शाबूत राहावा. तिसरी, या नोंदीची एक प्रत त्या गावच्या शाळेत असावी. आपल्या आजीने सांगितलेला चौकाचा अर्थ नातीला मुंबईत जाऊन शोधावा लागू नये. चौथी, धवलेरी आणि सवाशिणी यांना तज्ज्ञ म्हणून बोलवावे आणि तज्ज्ञाला देतात तसेच मानधन द्यावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, काय दाखवू नये, हेही त्यांना विचारावे. पालघटेचा चौक हा देवघराचा भाग आहे. तो कोठे लिहावा, कोठे लिहू नये, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांची ती देवता आहे त्यांचाच असला पाहिजे. आपल्या देव्हार्‍याचे चित्र हॉटेलच्या न्हाणीघरात लावलेले आपल्याला चालेल का?

दुसर्‍याकडून अपेक्षा करताना आरसा आपल्यापुढेही धरला पाहिजे. आपल्याच सांस्कृतिक कार्यक्रमांचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. प्रारंभी तारपा वाजतो, वारली बंधू-भगिनी फेर धरतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. मग सूत्रसंचालक त्यांचे आभार मानतो, त्यांना भोजनाकडे नेले जाते आणि व्यासपीठावर ‘वनवासी संस्कृतीचे जतन’ या विषयावर विद्वानांची भाषणे सुरू होतात. ज्यांची संस्कृती, ते जेवणाच्या पंगतीत. आणि बोलणारे भलतेच! यात कोणाचा हेतू वाईट नसतो. परंतु बर्डवुडचाही हेतू वाईट नव्हता. हाताचे कौतुक आणि वाणीला विराम, हे त्याचेच सूत्र आपण नकळत गिरवीत असतो. ‘आम्ही सारे एक’ असे आपण आवर्जून म्हणतो. मग त्या एकत्वाची पहिली खूण ही, की तारपा खाली ठेवल्यावर त्या वादकाच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावा आणि इतरांनी ऐकावे. बंधुभाव भाषणाने सिद्ध होत नाही, तो ऐकण्याने सिद्ध होतो.

यासाठी भव्य वास्तूची वा कोट्यवधींच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंबाडी परिसरातल्या एखाद्या शाळेने मनावर घेतले, तर उद्याच्या उद्या आरंभ करता येईल. एक वही, एक ध्वनिमुद्रण करू शकणारा मोबाईल आणि पाड्यावर जाऊन जमिनीवर मांडी घालून बसायची तयारी असलेली चार मुले, एवढे भांडवल पुरे. आजीचे नाव लिहायचे, तिच्या माहेरचे गाव लिहायचे, तिने किती लग्नांत चौक लिहिला ते विचारायचे आणि मग सावकाश पुढचा प्रश्न करायचा. मुंबईच्या संग्रहालयांनी आपला एखादा अभ्यासक या मुलांच्या सोबतीला पाठवावा. कलावंताने संग्रहालयात जावे ही रीत झाली. संग्रहालयाने कलावंताच्या ओटीवर जावे, ही त्याची पुढची पायरी आहे. भास्कर कुलकर्णी यांनी पन्नास वर्षांपूर्वी ती ओलांडून दाखविली होती.

आणि आपण, सामान्य वाचकांनी? पुढच्या वेळी वज्रेश्वरीच्या दर्शनाला जाताना अंबाडीच्या नाक्यावर गाडी थांबली आणि भिंतीवर फेर धरून नाचणार्‍या आकृती दिसल्या, तर एवढेच करावे. जवळच्या माणसाला विचारावे, हे कोणी काढले? नाव कळले, तर घरी शोधावे. रंग कशाचा, हे आपल्याला केव्हाच ठाऊक झाले आहे. त्या माणसाने हे का काढले, हे विचारायचे राहून गेले आहे.